विश्लेषण : डेनेरिस बदलली की बदलून टाकली? चाहत्यांचं भांडण आणि कलाकारांची ‘साक्ष’

‘गेम ऑफ थ्रोन्स’ संपून काही वर्षं झाली, तरी एक वाद संपायला तयार नाही. मालिकेचा शेवटून दुसरा भाग अमेरिकेत १२ मे २०१९ रोजी रात्री दाखवला गेला, तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. शहर शरण आल्याची घंटा वाजते, सैनिक शस्त्रं खाली टाकतात आणि आठ सीझन गुलामांची मुक्तिदात्री म्हणून ओळखली गेलेली डेनेरिस टार्गेरियन ड्रॅगनवर बसून तेच शहर जाळायला घेते. त्या क्षणी चाहत्यांचे दोन तट पडले. एक म्हणतो, ‘ती पहिल्यापासून अशीच होती, तुम्ही डोळे झाकून घेतले होते.’ दुसरा म्हणतो, ‘लेखकांना घाई होती, म्हणून तिचा बळी दिला.’ दोन्ही तट आपापल्या बाजूने कलाकारांच्या मुलाखतींची कात्रणं पुरावा म्हणून पुढे करतात.

या वादात कोणाचं खरं? आणि कलाकार काय बोलले, यावरून तो निकाली काढता येतो का? (मालिका अजून पाहायची असेल, तर इथेच थांबा. पुढे शेवट उघड केला आहे.)

वाद इतका मोठा का झाला?

‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११ ते २०१९ या काळात एचबीओवर आली. आठ सीझन, ७३ भाग. आपल्याकडे शेवटचे सीझन हॉटस्टारवर अमेरिकेच्या बरोबरीने दिसत होते. त्यामुळे सोमवारी ऑफिस किंवा कॉलेजला जाण्याआधी भाग बघून घेणं भाग होतं, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी शेवट फोडायचाच.

डेनेरिस ही या मालिकेतली साधी नायिका नव्हती. भावाने राजकारणासाठी विकलेली मुलगी स्वतःच्या हिमतीवर राणी होते, हा प्रवास लोकांनी मनावर घेतला होता. ‘खलीसी’ हे तिचं पद. २०१८ या एका वर्षात अमेरिकेत पाचशेहून अधिक मुलींची नावं ‘खलीसी’ ठेवली गेली. शेवट पाहिल्यावर अशा पालकांना काय वाटलं असेल, याची कल्पना करा. शेवटचा सीझन सक्षम लेखकांकडून पुन्हा लिहून घ्यावा, अशा ऑनलाइन याचिकेवर १५ लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्याच सीझनला त्या वर्षीच्या एमी पुरस्कारांत ३२ नामांकनं आणि सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिकेसह १२ पुरस्कार मिळाले. म्हणजे मतभेद फक्त चाहत्यांमध्ये नव्हते. चाहते आणि मनोरंजन उद्योग यांच्यातही ते होते.

‘ती पहिल्यापासून तशीच होती’ यात तथ्य किती?

बरंच आहे. पहिल्याच सीझनमध्ये तिच्या भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओतलं जातं आणि ती थंडपणे बघत राहते. नवऱ्याच्या चितेवर ती एका बाईला जिवंत जाळते. मीरीन शहर जिंकल्यावर, मारल्या गेलेल्या १६३ गुलाम मुलांच्या बदल्यात ती १६३ मालकांना खिळे ठोकून मारते. त्यातल्या एकाने मुलांच्या हत्येला विरोध केला होता, हे नंतर त्याचा मुलगाच तिला सांगतो. सातव्या सीझनमध्ये युद्धकैदी झालेले टार्ली बापलेक गुडघे टेकायला नकार देतात, तेव्हा ती दोघांनाही ड्रॅगनकरवी जाळते.

मालिकेने ही गोष्ट लपवलेली नाही. शेवटच्या भागात टिरियन जॉन स्नोला जे सांगतो, त्याचा मथितार्थ असा : तिने वाईट माणसं मारली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, त्यातून आपण योग्यच आहोत हा तिचा विश्वास वाढत गेला. हा टोला प्रेक्षकांनाही आहे. ज्याला आपण न्याय म्हणत होतो ती क्रूरताच होती, फक्त मरणारी माणसं आपल्याला आवडत नव्हती. या तटाचा हा युक्तिवाद खोडून काढणं सोपं नाही.

मग दुसऱ्या तटाचा आक्षेप काय?

त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि वादाचा गोंधळ नेमका इथेच होतो. ‘ती हे करू शकेल का?’ या प्रश्नाचं उत्तर पहिला तट देतो. ‘ती हे करायला निघाली, तो प्रवास आम्हाला दाखवला का?’ असं दुसरा तट विचारतो. एकाच वाक्याने या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर, पूल कोसळल्यावर ‘भेग आधीपासून होती’ एवढं म्हणून चौकशी संपत नाही. भेग असलेले कितीतरी पूल वर्षानुवर्षं उभे असतात. भार किती वाढला, कधी वाढला, भेग कशी पसरत गेली, हे दाखवावं लागतं. मालिकांच्या जगात ज्याला ‘कॅरेक्टर ग्राफ’ म्हणतात, तो म्हणजे हे पसरत जाणं. आधी पेरलेल्या खुणा म्हणजे ग्राफ नव्हे.

आता वेळेचा हिशेब बघा. पहिल्या सहा सीझनमध्ये प्रत्येकी दहा भाग होते. सातव्यात सात, आठव्यात फक्त सहा. मीरीनमध्ये राज्य चालवताना डेनेरिस शिकते, चुकते, ड्रॅगनने एका लहान मुलीचा जीव घेतला म्हणून स्वतःच्या दोन ड्रॅगनना तळघरात साखळदंडाने बांधते. या सगळ्याला मालिकेने अनेक सीझन दिले. सत्ता आणि दया यांची तिची ओढाताण तिथे दिसते. आठव्या सीझनमध्ये मात्र तिसऱ्या भागात तिचा निष्ठावंत जोरा जातो, चौथ्यात एक ड्रॅगन आणि जिवलग मैत्रीण मिसांडेई जाते, पाचव्यात सल्लागार व्हॅरिस फितूर होतो आणि त्याच भागात शहर जळतं. धक्के सगळे आहेत, पण ते पचवायला किंवा न पचल्याचं दाखवायला जागाच उरत नाही.

आणखी एक बारकी गोष्ट आहे. घंटा वाजल्यानंतर कॅमेरा डेनेरिसच्या चेहऱ्यावर थांबतो. ती ड्रॅगनला उडवते आणि त्यानंतर त्या भागात तिचा चेहरा आपल्याला जवळून दिसतच नाही. पुढचं सगळं आपण खालून, धावणाऱ्या लोकांमधून पाहतो. ड्रॅगनच्या सावलीत सामान्य माणसाचं काय होतं हे दाखवायला ही पद्धत प्रभावी आहे. पण ज्या पात्राबरोबर आपण आठ सीझन चाललो, त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या निर्णयाच्या वेळी दार आपल्या तोंडावर लागतं. दुसऱ्या तटाचा राग खरं तर या बंद दारावर आहे.

लेखकांनी काय सांगितलं?

मालिकेचे कर्ते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस प्रत्येक भागानंतर छोट्या व्हिडिओतून स्पष्टीकरण द्यायचे. या भागाबद्दल वाइस यांचं म्हणणं असं होतं की, तिने हे आधी ठरवलं नव्हतं. आपल्या घराण्याने बांधलेला आणि आपल्याकडून हिरावला गेलेला राजवाडा समोर दिसतो आणि त्या क्षणी ती हे सगळं वैयक्तिक करून टाकते. त्याआधीच्या भागात शत्रूचं आरमार तिला अचानक गाठतं, त्यावर बेनिऑफ यांनी ती त्या आरमाराबद्दल जणू विसरलीच होती, अशा अर्थाचं कारण दिलं. चाहत्यांनी त्या वाक्याची इतकी टर उडवली की ते वाक्यच त्या सीझनची ओळख होऊन बसलं.

इथे मूळ पुस्तकांचाही भाग आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेतलं पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं. सहावं येण्याआधीच मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. पुढचे मुक्काम ठाऊक होते, पण तिथवरचा रस्ता लेखकद्वयीला स्वतः बांधायचा होता. एचबीओची आणखी भागांची तयारी असताना कमी भागांत संपवण्याचा निर्णय त्यांचाच होता. तेव्हा ‘वेळ नव्हता’ हा बचाव इथे चालत नाही.

कलाकार नेमकं काय बोलले?

डेनेरिस साकारणाऱ्या एमिलिया क्लार्कने शेवट दाखवल्यानंतर सविस्तर मुलाखत दिली. पटकथा वाचून आपण रडलो, घराबाहेर पडून काही तास लंडनमध्ये चालत राहिलो, हे असं होईल असं कधी वाटलंच नव्हतं, असं तिने सांगितलं. त्याच मुलाखतीत ती हेही म्हणाली की, आपण डेनेरिसच्या बाजूने उभ्या आहोत. पहिलं विधान एका तटाने उचललं, दुसरं दुसऱ्याने. पुढच्या वर्षी तिने, जॉन स्नो खून करून सहीसलामत सुटला याचं थोडं वाईट वाटल्याचंही बोलून दाखवलं.

जॉनची भूमिका करणारा किट हॅरिंग्टन म्हणाला की, डेनेरिसने आधीही माणसं जाळली आहेत, हे हळूहळू जमा होत आलं होतं. मात्र प्रसिद्धीदरम्यान एका शब्दात सीझनचं वर्णन करायला सांगितल्यावर त्याने गमतीने ‘निराशाजनक’ असा शब्द वापरला होता, ती क्लिप आजही फिरते. शेवटाच्या सामूहिक वाचनाचं चित्रण ‘द लास्ट वॉच’ या माहितीपटात आहे. हॅरिंग्टनने पटकथा आधी वाचली नव्हती. आपल्या पात्राच्या हातून डेनेरिस मरणार हे कळल्यावर त्याचे डोळे भरून येतात.

सर्वांत बोलकं उदाहरण व्हॅरिस साकारणाऱ्या कॉनलेथ हिलचं. मे २०१९ मधल्या मुलाखतीत त्याने शेवटच्या सीझनांबद्दलची नाराजी लपवली नाही. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये सॅन डिएगो कॉमिक-कॉनच्या व्यासपीठावर त्याने या टीकेला माध्यमांनी चालवलेली द्वेषाची मोहीम म्हटलं. माणूस तोच, मालिका तीच. दोन्ही तटांना हवं ते मिळालं.

कलाकाराचं म्हणणं पुरावा मानायचं का?

मानायचं, पण कशाचा पुरावा हे ठरवून. कलाकार हा त्याच्या पात्राचा वकील असतो. पात्र खून करो की फसवणूक, ‘याचं म्हणणं काय आहे’ हे शोधल्याशिवाय त्याला ती भूमिका करता येत नाही. म्हणून क्लार्क डेनेरिसच्या बाजूने बोलली, यात आश्चर्य नाही. वकिलाने अशिलाची बाजू घेतली म्हणून अशील निर्दोष ठरत नाही, आणि पटकथाही निर्दोष ठरत नाही.

दुसरी गोष्ट, ही विधानं कुठे केली जातात? प्रसिद्धीच्या मुलाखतीत, व्यासपीठावर, रेड कार्पेटवर. तिथे करार असतो, सहकाऱ्यांचा मान असतो, थकवा असतो, विनोद असतो. चाळीस मिनिटांच्या बोलण्यातली आठ सेकंदं कापून आपल्या फोनवर येतात. चेहऱ्यावरची एक रेघ बघून ‘बघा, तिलाही पटलं नव्हतं’ असं ठरवणं म्हणजे पडद्यावरचं वाचता न आल्यावर पडद्यामागे शोधाशोध करणं.

कलाकार एका बाबतीत मात्र खात्रीचा साक्षीदार असतो : काम कसं झालं. क्लार्कला शेवट आधी माहीत नव्हता, हे महत्त्वाचं आहे. म्हणजे आधीच्या सीझनांत तिने पेरलेल्या छटा हा शेवट डोळ्यासमोर ठेवून आलेल्या नव्हत्या. दिग्दर्शकांच्या जुन्या सूचनांचा अर्थ तिला नंतर लागला. ही माहिती पात्र समजून घ्यायला मदत करते. पण शेवट पटला की नाही, याचा निकाल पडद्यावर जे दिसतं त्यावरूनच लागायला हवा.

बाई होती म्हणून असं झालं का?

हा वादाचा सर्वांत गंभीर भाग. सत्ता हाती आलेली बाई दुःखाने आणि एकटेपणाने ‘वेडी’ होते, हा साचा फार जुना आहे. त्यात व्हॅरिसच्या तोंडी, जॉन पुरुष असल्यामुळे सरदारांना तो अधिक पसंत पडेल, अशा अर्थाचा संवाद येतो. आठव्या सीझनचे सर्व लेखक आणि दिग्दर्शक पुरुष होते, हेही नोंदवायला हवं.

उलट बाजूने म्हटलं जातं की, बाईला फक्त सद्गुणी राणी करणं हाही साचाच आहे. पुरुष पात्रांना हुकूमशहा होण्याचं स्वातंत्र्य आहे, मग तिला का नको? हे म्हणणं रास्त आहे. पण ते मान्य केलं तर लेखकांची जबाबदारी वाढते. पुरुष हुकूमशहाच्या डोक्यात काय चाललं आहे हे दाखवायला या मालिकेने संवाद, प्रसंग, वेळ, सगळं दिलं. डेनेरिसच्या वाट्याला ऐन वेळी एक लांबचा शॉट आला. अन्याय झाला असेल, तर तो ती खलनायिका झाली यात नाही. खलनायिका होताना तिला बोलू दिलं नाही, यात तो आहे.

आपल्या दैनंदिन मालिकांना हे लागू होतं?

होतं, पण उलट्या दिशेने. ‘आई कुठे काय करते!’ घ्या. स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ही मालिका हजाराहून अधिक भाग चालली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. मूळ गोष्ट ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेची, तिचंच हिंदी रूप ‘अनुपमा’. मधुराणी प्रभुलकर यांनी साकारलेली अरुंधती नवऱ्याच्या फसवणुकीनंतर घटस्फोट घेते, स्वतःच्या पायावर उभी राहते, पुन्हा लग्न करते. यावर घराघरांत मतं फुटली. काहींना दुसरं लग्नच पटलं नाही. काहींचा आक्षेप असा की, एवढं सगळं करूनही ती देशमुखांच्या उंबरठ्याशीच का घुटमळते?

‘थ्रोन्स’मध्ये पात्र धावत शेवटाला पोचलं, दैनंदिन मालिकेत पात्राला पोचूच दिलं जात नाही. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात. ट्रॅक चालला तर ताणला जातो, नाही चालला तर गुंडाळला जातो. मधेच लीप येतो. आज कणखर झालेली नायिका पुढच्या महिन्यात पुन्हा रडताना दिसते, कारण तिचं रडणं थांबलं तर गोष्टच थांबेल. अशा वेळी ‘तुमचं पात्र असं का वागलं?’ हा प्रश्न कलाकाराला विचारणं म्हणजे एसटीच्या कंडक्टरला रस्त्यातल्या खड्ड्यांचा जाब विचारणं. पुढच्या महिन्यात काय घडणार, हे अनेकदा त्यालाही ठाऊक नसतं.

राग कुणावर काढायचा?

पात्राचा राग कलाकारावर काढण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. निळू फुले पडद्यावर इतके खरे वाटायचे की गावोगावच्या बाया त्यांना प्रत्यक्षातही शिव्या घालायच्या, हे किस्से आपण कौतुकाने सांगतो. पण तेव्हा ती शिवी चार माणसांत विरून जायची. आज ती कलाकाराच्या प्रत्येक फोटोखाली, मुलाबाळांच्या फोटोखालीसुद्धा, कायमची लिहिली जाते. अनिरुद्धची भूमिका करणाऱ्या मिलिंद गवळी यांच्यासारख्या कलाकारांना आपण पात्र नाही, माणूस आहोत हे समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं. नकारात्मक भूमिका करणाऱ्या अभिनेत्रींच्या वाट्याला येणारी भाषा तर इथे छापण्याजोगी नसते.

हे टाळता येतं, आणि त्याचं उदाहरण याच वादात आहे. ‘थ्रोन्स’च्या शेवटावर सर्वांत जहाल टीका करणाऱ्या चाहत्यांच्या एका गटानेच मे २०१९ मध्ये एमिलिया क्लार्कच्या ‘सेमयू’ या संस्थेसाठी निधी गोळा केला. मालिकेच्या सुरुवातीच्या वर्षांत क्लार्कच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा विकार उघड झाला, शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या अवस्थेतही तिने काम सुरू ठेवलं. हे तिने २०१९ मध्येच जाहीर केलं होतं. मेंदूच्या इजेतून सावरणाऱ्यांसाठी तिची ही संस्था आहे. पटकथेवर तुटून पडणाऱ्या लोकांनी अभिनेत्रीच्या पाठीशी उभं राहायला खिशात हात घातला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

मग निकाल काय?

आमच्या मते दोन्ही तट अर्धे बरोबर आहेत. डेनेरिसच्या हातून हे घडू शकत होतं, त्याच्या खुणा पहिल्या सीझनपासून आहेत. ज्यांनी फक्त तिचं मुक्तिदात्रीचं रूप पाहिलं, त्यांनी आपल्या टाळ्यांचा हिशेब करायला हवा. पण ते घडताना दाखवायचं काम मालिकेने अर्धवट सोडलं, आणि तो दोष लेखनाचा आहे. तो ना अभिनेत्रीचा, ना प्रेक्षकांच्या हट्टाचा.

पुढच्या वेळी आवडत्या पात्राने असंच तोंड फिरवलं, तर भांडण्याआधी तीन प्रश्न विचारून बघा. हे पात्र असं वागू शकतं का? ते तसं का वागलं, हे दाखवलं का? आणि मला राग पात्राच्या कृत्याचा आहे की लिहिणाऱ्याच्या कामाचा? तिन्हींची उत्तरं पडद्यावर मिळतात. त्यासाठी कोणाची आठ सेकंदांची क्लिप लागत नाही, आणि कोणाच्या फोटोखाली जाऊन शिवी घालायची गरज तर अजिबात पडत नाही.